आधी डोळे ऐकतात

माणूस गाणं कानांनी ऐकतो, हा समज काउंटरटेनरच्या मैफिलीत पहिल्या मिनिटातच निकालात निघतो. मंचावर सहा फुटी, दाढी राखलेला, रुंद खांद्यांचा एक गडी येऊन उभा राहतो. पियानोवर दोन-चार ओळी वाजतात. गडी श्वास घेतो, तोंड उघडतो आणि बाहेर येतो तो बाईच्या पट्टीतला स्वच्छ, लखलखीत सूर. त्या क्षणी निम्मं सभागृह ऐकायचं सोडून बघायला लागतं. कुणी कार्यक्रमपत्रिकेत नाव पुन्हा वाचतं, कुणी चष्मा पुसतं, कुणी शेजारच्याला कोपरानं ढोसतं. सगळ्यांची नजर त्याच्या गळ्यावर. कान बिचारे तोवर ताटकळत.

यात त्या गड्याचा काही दोष नसतो. त्याची बोलायची पट्टी तुमच्या-आमच्या घरातल्या कुठल्याही पुरुषासारखीच, बहुतेकदा चांगली ढालीच असते. गाताना मात्र तो स्वरतंतू पुऱ्या जाडीनं न हलवता नुसत्या त्यांच्या कडा थरथरवतो. हे क्षणभर कुणालाही जमतं. बायकोची नक्कल करताना बहुतेक नवऱ्यांना जमतंच. पण तोच आवाज दीड तास टिकवायचा, त्यात वजन आणायचं, एकच सूर हळूहळू फुलवून पुन्हा मिटवायचा, याला सबंध तारुण्य खर्ची पडतं.

एवढा खटाटोप कशासाठी? तर अठराव्या शतकातल्या ऑपेरांचे नायकच मुळी वरच्या पट्टीत गातात म्हणून. संगीतकार हँडेलचा ज्युलियस सीझर १७२४ साली लंडनच्या रंगमंचावर आला तेव्हा ती भूमिका सेनेसिनोनं केली, आणि सेनेसिनो होता कास्त्रातो. म्हणजे लहानपणीच शस्त्रक्रिया करून ज्याचा आवाज फुटू दिला नाही असा गायक. जग जिंकलेला सीझर बायकांच्या उंचीवर गातो, याचं तेव्हाच्या लोकांना काही म्हणता काही वाटत नसे. वीर म्हटला की त्याचा सूर उंच, हे ठरलेलंच होतं. रोममध्ये तर पोपच्या राज्यात बायकांना रंगमंचावर यायलाच बंदी, त्यामुळं नायकही पुरुष आणि नायिकाही पुरुष. प्रेक्षकांच्या डोळ्यांची तक्रार नव्हती, कारण ती करायची असते हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बाकी ते प्रेक्षक काही फार शहाण्यासारखे बसत नसत. झुंबरं पेटलेली, खालच्या-वरच्या सज्जांतून गप्पा, खाणंपिणं, पत्त्यांचे डाव. पुढं इटलीत दुय्यम पात्राच्या आरियाला, म्हणजे ऑपेरात एकट्यानं गायच्या गाण्याला, चक्क सॉर्बेची आरिया म्हणत. ती सुरू झाली की लोक गार सॉर्बे खायला उठत. मात्र आवडीचा गायक पुढं आला की हीच मंडळी वेडी होत. १७३४ साली फारिनेल्ली नावाचा कास्त्रातो लंडनला आला. ऑपेरात तो बेड्या घातलेला दुर्दैवी नायक आणि सेनेसिनो त्याला छळणारा क्रूर राजा. चार्ल्स बर्नी नावाचे संगीताचे इतिहासकार सांगतात की फारिनेल्लीची पहिलीच आरिया ऐकून सेनेसिनोला असं भरून आलं की आपण राजा आहोत, समोरचा कैदी आहे, हे सगळं विसरून त्यानं धावत जाऊन त्याला मिठी मारली. प्रेक्षकांतल्या एका बाईंनी तर देव एक तसा फारिनेल्लीही एकच, अशी आरोळी ठोकली म्हणतात. ती इतकी गाजली की होगार्थनं एका उधळ्या तरुणावरच्या आपल्या प्रसिद्ध चित्रमालेत, त्याच्या दिवाणखान्यात पडलेल्या कागदावर तिला जागा दिली. आपल्याकडं समीक्षक चिमटे काढतात, तिकडं चित्रकारांनी काढले.

पुढं कास्त्रातोंची पद्धत बंद पडली, आणि ती पडली हे उत्तमच झालं. शेवटच्यांपैकी एक, आलेस्सांद्रो मोरेस्की, १९०२ आणि १९०४ साली व्हॅटिकनमध्ये ध्वनिमुद्रित झाला, एवढाच त्या आवाजाचा पुरावा. वरच्या पट्टीतले नायक बायकांनी तरी गायचे किंवा सूर खाली उतरवून जाड आवाजाच्या पुरुषांनी. पुरुषाचा उंच आवाज इंग्लंडातल्या चर्चच्या गायकवृंदात तेवढा तग धरून होता. तिथं, कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संगीतकार मायकेल टिपेटना आल्फ्रेड डेलर सापडले आणि पर्सेलसारख्या जुन्या संगीतकारांची गाणी त्यांच्या मूळच्या अंगानं पुन्हा ऐकू यायला लागली.

पण मधल्या काळात श्रोत्यांचे डोळे बदलले होते. डेलर उंचेपुरे, दाढीवाले, मुलाबाळांचे गृहस्थ. त्यांचा मुलगा मार्कही पुढं काउंटरटेनर झाला. तरीसुद्धा एका बाईंनी कार्यक्रमानंतर त्यांना तोंडावर, तुम्ही खोजे आहात का, असं विचारल्याचा आणि त्यांनी ते हसण्यावारी नेल्याचा किस्सा अजून सांगतात. संगीतकार ब्रिटननं १९६० साली शेक्सपिअरच्या नाटकावर ऑपेरा लिहिला तेव्हा यक्षांच्या राजाची, ओबेरॉनची, भूमिका डेलरांच्या गळ्यासाठी बेतली. रंगमंचावरच्या त्यांच्या वावराला समीक्षकांनी नाकं मुरडली, आणि पुढच्याच वर्षी कोव्हेंट गार्डनला ती भूमिका रसेल ओबर्लिनकडं गेली. आवाज कानांना पटला होता. माणूस डोळ्यांना पटेना.

डोळ्यांची ही खोड ज्यानं गमतीत जिरवली तो पोलंडचा याकूब यूझेफ ऑर्लिन्स्की. २०१७ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या महोत्सवात हा पंचविशीतला मुलगा कावाल्लीच्या ऑपेरात गात होता. तिथंच रेडिओसाठी एक आरिया गायची होती. रेडिओवर कोण बघतंय, म्हणून अर्धी चड्डी, बाह्या दुमडलेला शर्ट आणि पायात बूट अशा अवतारात पठ्ठ्या येऊन उभा राहिला. कॅमेरा चालू असणार हे त्याला उशिरा कळलं. मग काय, सहलीला निघाल्यासारखा दिसणारा तो पोरगा विवाल्दीची आरिया गातोय, हे दृश्य जगभर लाखो लोकांनी पाहिलं. राजवेषात गायला असता तर इतकं पाहिलं गेलं असतं का, शंकाच आहे. हा मुलगा ब्रेकडान्सही करतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला पावसात संगीतकार रामोचं गाणं गाताना त्यानं तोही करून दाखवला.

त्यानं रेडिओसाठी गायलेली आरिया विवाल्दीच्या 'इल जुस्तीनो' या ऑपेरातली. हा ऑपेरा १७२४ साली रोममध्ये झाला, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे सगळे पुरुषच. सम्राट लढाईला निघाला आहे आणि प्रिय पत्नीला पुन्हा डोळे भरून बघायची आस लागली आहे, एवढाच मजकूर. या आरियाची बांधणी त्या काळच्या शेकडो आरियांसारखीच तीन खणांची. पहिला भाग, मग वेगळ्या रंगाचा छोटा मधला भाग, मग पहिला भाग पुन्हा. पण दुसऱ्या खेपेला गायक तोच मजकूर हरकती-मुरक्यांनी सजवून गातो. अस्ताईवर परतताना आपल्याकडचा गवई काही तरी नवं ठेवून जातो, तोच न्याय.

माझं म्हणणं असं की ही तीन खणांची बांधणी काउंटरटेनरच्या आजच्या श्रोत्यासाठीच केल्यासारखी आहे. पहिल्या भागात तो बघतो. मधल्या भागात त्याचे डोळे दमतात. पहिला भाग परत येतो तेव्हा कुठं तो ऐकायला लागतो.

याचा मासला मी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये शेजारच्याच खुर्चीत पाहिला. १९०१ साली बांधलेलं, साडेपाचशेच्या आसपास खुर्च्यांचं ते सभागृह. पुढच्या रांगेतल्या माणसानं खिशातून रुमाल काढला तरी मागच्याला कळावं इतकं नाजूक. श्रोते बहुतेक पिकल्या केसांचे. माझ्या शेजारी माझ्या बहिणीचे यजमान. भावोजींचं निम्मं आयुष्य लंडनमध्ये गेलं, पण कान अजून नाट्यसंगीतातच आहेत. कार्यक्रमात नेमकी ही विवाल्दीची आरिया होती.

पहिली ओळ संपायच्या आत भावोजी माझ्याकडं झुकले. "अगं, चोरटा आवाज आहे हा."

"भावोजी, हळू."

"हळूच बोलतोय. आमच्या मास्तरांनी असा आवाज लावला म्हणून तंबोऱ्यामागून उठवलं असतं."

मधला भाग आला. भावोजी गप्प झाले. गाणारा मान किंचित कलती ठेवून, ओठ जेमतेम उघडून एक सूर लांबवत होता, आणि श्वास कुठं घेतला ते कळत नव्हतं. मग पहिला भाग परतला. या खेपेला त्यानं त्याच ओळीवर अशी एक बारीक, उतरती जागा घेतली की भावोजींचं बोट मांडीवर चालायला लागलं आणि त्यांच्या तोंडून "वा!" निसटला. तो त्या शांततेत केवढा तरी मोठा वाटला. पुढच्या रांगेतल्या आजीबाई वळल्या. भावोजींनी माफी मागायच्या तयारीनं हात जोडायला घेतले, तोवर बाईंनी पर्स उघडून खोकल्याची एक गोळी त्यांच्या हातावर ठेवली. आमच्या दाद-परंपरेचं असं औषधपाणी झालेलं मी प्रथमच पाहत होते. भावोजींनी ती गोळी खाल्लीसुद्धा. मात्र कागद सोडवताना तो इतका वाजला की वा बरा होता.

खरी मजा शेवटी आली. टाळ्या थांबेनात, तेव्हा गायक हसला आणि पुढचं गाणं कोणतं ते त्यानं जाहीर केलं. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि आवाज निघाला तो खर्जातला, भरदार, रेल्वे स्थानकावर सूचना देणाऱ्या माणसाचा. सगळं सभागृह खळखळून हसलं. "आता हा कोण बोलला?" भावोजींनी विचारलं. दीड तासात सगळ्यांना त्याच्या गाण्याचा आवाज इतका खरा वाटायला लागला होता की त्याचा स्वतःचा आवाज उसना ठरला.

हे हसू मला फार आवडलं. सुरुवातीचं हसू गाणाऱ्याला हसणारं असतं. हे स्वतःला हसणारं होतं.

आपल्याला आधीचं हसू का येतं, याचा विचार केला तर किशोरकुमार आठवतो. १९६२ च्या 'हाफ तिकीट'मध्ये त्यानं एका युगुलगीतात पुरुषाचा आणि बाईचा असे दोन्ही आवाज एकट्यानं काढले. गाणं अफलातून आणि हेतू निव्वळ विनोदाचा. पुरुषानं वरचा आवाज लावला की आता काही तरी गंमत होणार, अशी आपल्या कानांना तेव्हापासून सवय आहे. एरवी मराठी माणसानं याला बिचकायचं काही कारण नव्हतं. बालगंधर्वांच्या लुगड्यांची आणि दागिन्यांची नक्कल चांगल्या घरच्या बायका करत होत्या. मंगेशीहून आलेले मास्टर दीनानाथ स्त्रीभूमिकांत तितक्याच तेजानं तळपले. उलट बाजूनं बघा: गंगूबाई हनगलांचा तो धीरगंभीर, रुंद आवाज आधी नुसता ऐकणाऱ्याला पुरुषाचा वाटायचा, आणि समोर नाकात चमकी घातलेली ठेंगणीशी बाई बघून तो चकित व्हायचा. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात मात्र दुसऱ्या आलापीपर्यंत ही चकित व्हायची मुदत संपलेली असे. मग उरे तो फक्त शुद्ध कल्याण.

आवाजाला मिशी आहे की कुंकू, हे आपण बाहेरून चिकटवतो. सुरांना त्यातलं काहीच लागत नाही. गाणारा बिचारा दर मैफिलीत पहिली काही मिनिटं आपलं ते चिकटवलेलं सोडवण्यात घालवतो, आणि त्याबद्दल वेगळं मानधन त्याला कुणी देत नाही.

तेव्हा कधी काउंटरटेनर ऐकायचा योग आला, तर पहिल्या ओळीला हसू आलं म्हणून शरमू नका. खुशाल बघून घ्या: दाढी, खांदे, गळा, सगळं. मधल्या भागातही काही समजलं नाही तरी हरकत नाही. फक्त पहिला भाग परत येईपर्यंत खुर्ची सोडू नका, कारण आरिया तिथून सुरू होते. आणि आतून वा आलाच, तर येऊ द्या. फार तर खोकल्याची गोळी मिळेल.