भुंकत नाही, चावत नाही

भुंकणारा कुत्रा चावत नाही, या भरवशावर जगणारी माणसं पुष्कळ आहेत. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला ती चैन परवडत नाही. भुंकणारा, गप्प बसणारा, शेपूट हलवणारा, सगळ्यांच्याच जबड्यात त्याला कधी ना कधी हात घालावा लागतो. म्हणून शरीररचनेच्या वर्गात आधी कुत्र्याचा प्लास्टरचा जबडा पुढे करतात.

तो घडवणं निगुतीचं काम. भूल दिलेल्या कुत्र्याच्या दातांवर अल्जिनेटचा लगदा दाबून ठसा घ्यायचा. समुद्री शेवाळातून निघणारा हा पदार्थ काही मिनिटांत थिजतो आणि नुसता ठेवला तर सुकून आकसतो, त्यामुळे मध्येच चहाला जायची सोय नाही. माणसाच्या मापाचा ट्रे या लांबुळक्या तोंडाला पुरत नाही. ठशात प्लास्टर ओतताना हलके ठोके देऊन बुडबुडे काढायचे. एखादा दडून राहिलाच, तर सुळ्याचं टोक गायब आणि गुरकावणारा गडी एकदम बोळका!

कुत्र्याचे दात ४२ : वर २०, खाली २२. पिल्लाचे दुधाचे २८. पगचा जबडा आखूड, पण दातांत सूट नाही. मग बिचारे सकाळच्या लोकलमधल्यासारखे तिरके, आडवे, एकमेकांना खेटून उभे राहतात.

हत्तीच्या दातांची म्हण कुत्र्यालाही लागू पडते. आपण घाबरतो सुळ्यांना. मांस कापणारी खरी कात्री मागे असते, वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ. त्या वरच्या उपदाढेला तीन मुळं. प्लास्टरमध्ये ती दिसत नाहीत, म्हणून सीटी स्कॅनवरून पारदर्शक जबडा छापून घेतात. मग कळतं, मुळं थेट डोळ्याखालपर्यंत पोचलेली असतात.

म्हणूनच कुणीतरी घाबराघुबरा येतो, ‘‘डॉक्टर, टॉमीच्या डोळ्याखाली सूज आलीय, काहीतरी चावलं असणार. डोळ्यात घालायला थेंब द्या.’’ डॉक्टर म्हणतात, दाढ तुटून मुळाशी पू झालाय. मालकाला ते पटत नाही आणि टॉमी तोंड उघडून साक्ष द्यायला तयार नसतो. अशा वेळी टेबलावरचा जबडा पुढे सरकवायचा. त्यात बोट घाला, मुळं मोजा, हवं तर पुन्हा मोजा. त्याची तक्रार नसते. फी मात्र टॉमीच्याच नावावर लागते.