चार रंगांचा प्रीतिसंगम

मामा पंचाहत्तर वर्षांचे झाले तेव्हा भाचेमंडळींनी चौकात फ्लेक्स लावायचं ठरवलं. मामांचा विरोध होता. ‘मी काय नगरसेवक आहे काय?’ असं त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मात्र ‘फोटो कुठला घेणार?’ असं विचारलं. फ्लेक्स करून आणायची कामगिरी प्रस्तुत लेखकावर आली. तो लिहितो हे सर्वांना माहीत होतं, आणि ज्याला लिहिता येतं त्याला छापूनही आणता येत असणार, असा कऱ्हाडात समज आहे.

दुकान स्टँडपासून फार लांब नव्हतं. पत्र्याचं छप्पर, आत दहा फुटी मशीन, एका कोपऱ्यात कॉम्प्युटर आणि त्यावर कोरल सॉफ्टवेअर उघडून बसलेला डिझायनर. मालकांना सगळे अण्णा म्हणत. मशीनवर एक पोरगं होतं, त्याला सगळे ‘ए’ म्हणत. दुकानात वास असा की पहिल्या पाच मिनिटांत डोकं दुखतं आणि दहाव्या मिनिटाला तो वास आवडायला लागतो. हा वास सॉल्व्हेंटचा. फ्लेक्सच्या शाईत बहुतेक वेळा सायक्लोहेक्झॅनोन नावाचं द्रावक असतं. ते प्लास्टिकचा वरचा थर किंचित मऊ करतं आणि रंग त्या थरात रुतून बसतो. म्हणून तर पावसापाण्यात नेता वाहून जात नाही.

मामा पक्के वारकरी. फोटोतही कपाळावर गोपीचंदनाचा ठसठशीत उभा टिळा. रोलवरून फ्लेक्स इंचाइंचानं बाहेर सरकू लागला. आधी आकाश आलं, मग पांढरा फेटा, मग कपाळ. आणि त्या उभ्या टिळ्याला छेदून तीन आडवे हिरवे पट्टे उमटले. जन्मभर पंढरीची वारी केलेला माणूस प्रस्तुत लेखकाच्या डोळ्यांदेखत शैव झाला.

‘मजेंटा चोक झालंय,’ पोरगं म्हणालं.

मशीनकडे रंग चारच: निळसर सायन, गुलाबी मजेंटा, पिवळा आणि काळा. माणसाच्या कातडीचा रंग मुख्यतः मजेंटा आणि पिवळ्याच्या जोरावर उभा असतो. मजेंटाची काही छिद्रं बुजली की उरलेला पिवळा आणि सायन मिळून हिरवट रेघ ओढतात. छिद्रं कसली, केसाहून बारीक नळ्याच. कोनिका कंपनीच्या ज्या प्रिंटहेडवर अशी पुष्कळ मशिनं चालतात, त्या एका हेडला ५१२ नोझल असतात. त्यातले चार-पाच रुसले तरी वारकरी संप्रदायाला धक्का पोचतो.

‘मालक, पर्ज मारू?’

‘मार. पण बेतानं मार. काल मारलास तसा नको.’

पर्ज मारणं म्हणजे हेडला खाकरायला लावणं. मागून हवेचा दाब देऊन शाई नोझलमधून जोरानं बाहेर ढकलायची, म्हणजे तोंडाशी वाळलेली खपली निघून जाते. मग सोल्युशननं हेड पुसायचं, नोझल टेस्ट काढायची, रेघा मोजायच्या आणि नाहीच जमलं तर पुन्हा पर्ज. पोरग्यानं तीनदा मारला. हेडखालच्या ट्रेमध्ये गडद गुलाबी धार पडली आणि नळीतून खाली ठेवलेल्या कॅनमध्ये गेली. प्रस्तुत लेखकाला हिशेबाची खोड आहे. अशा हेडचा एक थेंब ४२ पिकोलीटरचा धरला, तर एका मिलीलीटरमध्ये सुमारे २ कोटी ३८ लाख थेंब बसतात. समोर साधारण कटिंग चहाएवढी, म्हणजे साठेक मिलीलीटर शाई गेली असावी. त्याचे झाले १४३ कोटी थेंब. देशात माणशी एक. मामांच्या कपाळावर त्यातले फारच थोडे पडायचे होते.

लेखकाचं लक्ष मग मामांवरून उडालं आणि त्या कॅनवर बसलं.

कऱ्हाडात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. या कॅनमध्ये चार नद्या भेटत होत्या. वर फ्लेक्सवर ज्या रंगांनी एकमेकांच्या शेजारी खांबही मिळू दिला नसता, ते सगळे भगवे, हिरवे, निळे आत गळ्यात गळे घालून पडलेले. परिणामी रंग कुठला? काळपट तपकिरी, दाट, जुन्या गुळाच्या काकवीसारखा. अण्णांनी सांगितलं, ‘सर, निवडणुकीत सगळ्या पार्ट्यांची कामं आपल्याकडंच. पण युती फक्त ह्या कॅनात.’

मशीन चालत असताना शाई वाया जाते, हे समजण्यासारखं आहे. पण ते उभं असतानाही वाया जाते. शाई वाळू नये म्हणून हेड आपल्या जागी बसल्या बसल्या मधूनमधून थुंकतं. त्याला दुकानात ‘फ्लॅश’ म्हणतात. तंबाखू खाणाऱ्यांच्या मुलखात याचं कुणाला नवल वाटत नाही. त्यात वीज गेली तर आणखी मजा. हेडमधली शाई खाली गळू नये म्हणून वरच्या टाकीत उणा दाब राखलेला असतो. पंप बंद पडला की तो सुटतो आणि चारी रंग टपटप गळू लागतात. अण्णांच्या घरी इन्व्हर्टर नाही. मशीनला आहे. अण्णांच्या घरच्या काकूंनी हा विषय लेखकासमोरही काढला.

तसं पाहिलं तर या धंद्याची एक जात सांडलेल्या शाईतूनच जन्मलेली. १९७७ साली जपानात कॅनन कंपनीच्या इचिरो एन्डो या संशोधकाच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि सुईतून शाई चिळकांडी मारून उडाली. आपल्याकडे अशा वेळी आधी सिरिंज कुणी ठेवली याची चौकशी झाली असती. तिथे उष्णतेनं शाई उडवणाऱ्या प्रिंटरची वाट सापडली. अण्णांच्या मशीनची जात मात्र वेगळी. तिथे विजेनं आकुंचन-प्रसरण पावणारा स्फटिक शाईला ढकलतो. तो गुण क्युरी बंधूंनी १८८१ साली प्रयोगानं दाखवून दिला. चिळकांडी तीच.

नासाडीतही श्रीमंती असते. १९९१ साली ग्रॅहॅम नॅश या गायकानं कॅलिफोर्नियात छायाचित्रं छापण्याचा स्टुडिओ उघडला. त्यासाठी त्यानं आयरिस जातीचा १ लाख २६ हजार डॉलरचा प्रिंटर घेतला होता. या प्रिंटरमधून शाईची धार अखंड चालू असे. कागदावर हवे तेवढेच थेंब पडू द्यायचे आणि बाकीचे विजेच्या भारानं वळवून बाजूच्या गटारीत घ्यायचे. म्हणजे नेम कागदावर, पण भरायची टाकी. तिथल्या जॅक डुगाननं या छपाईला ‘जिक्ले’ असं भारदस्त नाव दिलं. फ्रेंचमध्ये त्याचा मूळ अर्थ चिळकांडी उडणं हाच. फ्रेंच बोलीत त्याला आणखीही एक अर्थ आहे, तो मामांच्या अमृतमहोत्सवी लेखात सांगण्याजोगा नाही. तो प्रिंटर आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. अण्णांचं मशीन अजून बँकेकडे आहे.

तर प्रश्न असा की भरलेल्या कॅनचं करायचं काय?

पोरग्याचं डोकं या बाबतीत फार सुपीक. त्याची पहिली योजना होती शाई गाळून काळ्या टाकीत ओतायची आणि दशक्रियेचे फ्लेक्स त्यात काढायचे. शोकसंदेशात रंग थोडा मळका असला तर कोण बघतो? अण्णांनी त्याला हेडची किंमत सांगितली. त्या शाईत धूळ, पुसलेलं सोल्युशन आणि वाळलेल्या खपल्यांचा बारीक चुरा असतो. एकदा आत गेला की हेडचीच दशक्रिया.

दुसरी योजना अमलात आली. दुकानाचं लोखंडी गेट त्या शाईनं रंगवलं. दिसायला झकास, शिसवी लाकडासारखं. पण सॉल्व्हेंटची शाई प्लास्टिकला चावते, लोखंड तिला चावता येत नाही. चार दिवसांनी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातले एक कार्यकर्ते साहेबांच्या वाढदिवसाचा मजकूर द्यायला आले आणि फोनवर बोलत गेटला टेकले. गेटच्या जाळीची नक्षी त्यांच्या पाठीवर, नोझल टेस्टलाही येत नाही इतकी स्वच्छ उमटली. ते काम अण्णांनी फुकट करून दिलं.

मग एकदा त्यानं नमुना म्हणून थोडी शाई थर्मोकोलच्या ग्लासात ओतली. ग्लासानं आधी कंबर मोडली, मग बूड सोडलं, मग तो नाहीसाच झाला. सायक्लोहेक्झॅनोनमध्ये थर्मोकोल साखरेसारखं विरघळतं. महाराष्ट्र शासनानं २०१८ साली थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. इतकी चोख अंमलबजावणी दुसरीकडे कुठे झालेली लेखकाच्या पाहण्यात नाही.

रंगपंचमीची योजना त्यानं तोंडातून काढली आणि अण्णांनी झाडू उचलला. हे एक बरंच झालं. ही शाई डोळ्यांत गेली, श्वासात गेली तर हसण्यावारी नेता येत नाही. शिवाय सायक्लोहेक्झॅनोनची वाफ ४४ अंश सेल्सिअसला ठिणगीनं पेट घेऊ शकते. कऱ्हाडचा एप्रिल, वर पत्रा आणि कॅनशेजारी मशीनला रोज सकाळी भक्तिभावानं लावलेली उदबत्ती. लेखकानं हे सांगितल्यापासून उदबत्ती रस्त्यापलीकडच्या टपरीत लागते. आशीर्वाद तेवढ्या अंतरावरूनही येतो, असं अण्णांचं मत.

शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्याचं दुखणं याच जातीचं, पण शहरी. त्याच्या प्रिंटरमध्ये कॅनऐवजी मेंटेनन्स बॉक्स आहे. आत शाई शोषणारा बोळा आणि वर एक चिप. ही चिप किती शाई थुंकली त्याचा हिशेब ठेवते आणि आकडा भरला की प्रिंटर हरताळ करतो. नवा बॉक्स आणा, तोवर छपाई बंद. लहान प्रिंटरमध्ये तर हा बोळा पोटातच बसवलेला असतो. एके दिवशी पडद्यावर संदेश येतो की यंत्राच्या आतल्या भागांचं आयुष्य संपलं आहे. धडधाकट यंत्र स्वतःची श्रद्धांजली स्वतःच छापतं. २०१७ साली फ्रान्समधल्या ‘हॉप’ या संस्थेनं प्रिंटर कंपन्यांविरुद्ध तक्रारच गुदरली, की वस्तू लवकर निकामी होईल अशी सोय मुद्दाम केलेली असते. त्यात या बोळ्याचाही उल्लेख होता. स्टुडिओवाला तेवढा झुंजार नाही. तो बॉक्स हातात घेऊन वजन करून बघतो आणि ‘अजून मावेल हो,’ म्हणतो. चिपला वजन कळत नाही.

उरली गटार. रात्री अकरा वाजता कॅन उपडा केला तर कोण पाहणार? बऱ्याच गावांत बरेच कॅन असेच गेले असणार, याबद्दल लेखकाच्या मनात शंका नाही. पण अण्णांच्या दुकानामागची गटार पुढे जिथे जाते, तिथलंच पाणी ते पितात आणि हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी प्रस्तुत लेखकाला विचारलं, ‘सर, तुम्ही लिहिता. कायदा काय म्हणतो बघा की.’

कायदा बरंच म्हणतो. घातक कचऱ्याचे २०१६ सालचे केंद्राचे नियम आहेत. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत रंग, वार्निश आणि शाई यांच्या कारखानदारी वापरातून उरलेला गाळ स्पष्ट लिहिलेला आहे. असा कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. त्यावर लेबल हवं. तो न्यायचा तर सोबत बऱ्याच प्रतींचं चलन हवं. आणि न्यायचा कुठे, तर अधिकृत प्रकल्पात. महाराष्ट्रात असे प्रकल्प तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी आहेत. कऱ्हाडहून रांजणगाव दोनशे किलोमीटरच्या घरात. अण्णांनी एका ठिकाणी फोन लावला.

‘माल किती?’ पलीकडून.

‘वीस लीटर.’

‘दिवसाला?’

‘न्हाई, महिन्याला.’

पलीकडे बराच वेळ शांतता होती. टनांत बोलणाऱ्या माणसाला लीटर ऐकू यायला वेळ लागतो. गाडीचं भाडं कॅनमधल्या शाईच्या मूळ किमतीपेक्षा जास्त होत होतं. शेवटी अण्णांनी गावातल्या आणखी पाच फ्लेक्सवाल्यांना चहाला बोलावलं. सगळ्यांचे कॅन एकत्र करून, रीतसर परवानगीच्या एका गाडीतून पाठवायचे असा ठराव झाला. एकमेकांचे दर पाडण्यात ज्यांची हयात गेली ते सहा जण एका टेबलावर बसले, हे पोरग्यानं मोबाइलवर टिपून ठेवलं आहे. सहापैकी दोघे पुढच्या महिन्यात आपसांत बोलेनासे झाले, पण कॅन येत राहिले.

मामांचा फ्लेक्स छान निघाला. टिळा उभा, गाल गुलाबी. चौकात तो आठ दिवस होता. त्या आठ दिवसांत मामा रोज दूध आणायला चौकातून गेले, दुधाचं दुकान उलट दिशेला असूनही.

पावसाळ्यात लेखक मामांना घेऊन अण्णांकडे गेला. मामांना लग्नपत्रिकेचं काहीतरी विचारायचं होतं. दुकानामागे गाडीची वाट पाहत कॅन ओळीनं उभे होते आणि पाणी शिरू नये म्हणून त्यांच्यावर एक फ्लेक्स पसरलेला होता. रिंगांतून सुतळी ओवून नीट बांधलेला. मामा फेट्यात, हात जोडून, आभाळाकडे बघत हसत होते.

पोरगं कावरंबावरं झालं. अण्णा म्हणाले, ‘मामा, मापात तेवढाच बसत होता बघा.’

मामांनी फ्लेक्सचा कोपरा उचलून खाली पाहिलं. ‘आत काय आहे?’

‘तुमच्या टायमाला उरलेली शाई.’

मामांनी मान डोलावली. वाऱ्यानं एक कोपरा फडफडत होता. बाजूला वीट पडली होती, ती त्यांनी वाकून उचलली आणि जागा नीट बघून त्या कोपऱ्यावर ठेवली, शुभेच्छुकांच्या यादीत प्रस्तुत लेखकाचं नाव होतं तिथे.