घसारा

आमच्या पाळणाघराच्या नव्या खोलीची सगळ्यात बारीक चौकशी ऑडिटरांनी केली. बेंगळुरूत चार्टर्ड अकाउंटंटला ऑडिटर म्हणायची पद्धत आहे, आणि डॉक्टरसारखंच त्यांनाही सगळं खरं सांगावं लागतं. त्यांनी विचारलं, "अम्मा, खोली वापरात कधी आली?"

"दसऱ्याला," मी म्हटलं.

"दसऱ्याला पूजा झाली असेल. वापरात कधी आली?"

देवाला जे चालतं ते इन्कम टॅक्सला चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पाळणाघर काही ठरवून काढलेलं नव्हे. बसवेश्वरनगरात थर्टी-फॉर्टीच्या, म्हणजे तीस बाय चाळीस फुटांच्या, साइटवर आमचं घर. मुलगी लग्न होऊन गेली, आणि शेजारच्या आयटीतल्या जोडप्याचं बाळ "आंटी, फक्त दोन तास" म्हणून आलं. त्या दोन तासांची नऊ पोरं झाली. सगळी मला अज्जी म्हणतात. मराठी आजी आणि कन्नड अज्जी यांत फरक अर्ध्या ज-चा, त्यामुळे भाषेचा प्रश्न आमच्याकडे कधी उद्भवलाच नाही.

नऊ पोरं हॉलमध्ये मावेनात, म्हणून मारुती उभी राहायची तो पोर्च भिंती घालून बंद केला. 180 चौरस फूट. मेस्त्रीने बोटांवर मोजून अडीच लाख सांगितले होते, झाले 4,20,000. आमच्या ह्यांना इतिहासाचं वेड. बिल बघून म्हणाले, "बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर. पुढे 1687 साली मोगलांच्या कासिमखानाने अख्खं बेंगळुरू चिक्कदेवराज वडेयरांना तीन लाखांत देऊन टाकलं. आणि तुझी एक खोली सव्वाचार लाखांची!"

"त्यात पोरांच्या उंचीचं बेसिन नव्हतं," मी म्हटलं.

माझी भाबडी समजूत अशी, की धंद्यासाठी खोली बांधली तर सव्वाचार लाख उत्पन्नातून सरळ वजा होतील. ऑडिटर हसले. भिंत रंगवली तर ती दुरुस्ती, त्याच वर्षी खर्चात धरता येते. भिंत नवी बांधली तर ती मालमत्ता; ती वजा होत नाही, तिचा फक्त घसारा मिळतो. इमारतीला दर 10 टक्के, पण राहत्या घराला 5. आणि बांधकामाचा दोन तृतीयांश भाग राहण्यासाठी असेल तर ते राहतं घरच. म्हणजे पहिल्या वर्षी 21,000. दुसऱ्या वर्षी उरलेल्या 3,99,000 वर पाच टक्के, 19,950. असं दरवर्षी उरलेल्यावर. ही खोली कागदावर झिजत राहील, पण संपणार कधीच नाही. आमच्या सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीसारखी.

फर्निचरला मात्र 10 टक्के. म्हणजे खुर्ची भिंतीच्या दुपटीनेच झिजते असं सरकारचं मत. हे दर ज्याने ठरवले त्याच्या घरी तीन वर्षांचं मूल नसणार.

"पण पोरं हॉलमध्येही असतात की," मी चिकाटी सोडली नाही. "दुपारी तिथेच झोपतात. सोफा त्यांचाच झालाय."

माझी नणंद न्यू जर्सीत हेच काम करते. तिने फोनवर सांगितलं होतं, की तिकडे पाळणाघरवाल्यांचा हिशेब जागा गुणिले वेळ असा असतो. वर्षाचे तास 8,760. त्यातले पोरांचे किती ते मांडायचे, पोरं यायच्या आधीच्या तयारीचे आणि गेल्यावर फरशी पुसायचेही धरायचे. दिवसाला दहा तास, वर्षाला अडीचशे दिवस म्हटलं तर हॉल साडेअठ्ठावीस टक्के धंद्याचा, उरलेला घराचा. मात्र वाढवलेल्या खोलीचा घसारा 39 वर्षांत पसरायचा. नणंदेला त्या हिशेबाने नव्वदी गाठावी लागेल. तरी फरशी पुसण्याची दखल घेणारं सरकार असतं, हे ऐकूनच मला बरं वाटलं. आपल्याकडे असा गुणाकार नाही. घर थोडं धंद्याला, थोडं राहायला असेल तर वाजवी वाटा धरावा असं त्या वर्षाला लागू असलेल्या 1961 च्या कायद्याचं कलम 38 सांगतं, आणि वाजवी म्हणजे काय ते इन्कम टॅक्सचे साहेब ठरवणार. ऑडिटरांनी सोफ्याकडे पाहिलं. त्यावर कुणीतरी नाचणीची आंबील सांडली होती. त्यांनी हॉलचा विषय सोडून दिला.

मग पुन्हा तारीख. मालमत्ता आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर घसारा निम्मा. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला, गुरुवारी. त्या दिवशी पाळणाघर बंद. शुक्रवारी सगळ्यांनी रजा टाकून चार दिवस गाठले. पोरं सोमवारी, सहा तारखेला आली. ऑडिटरांनी बोटांवर मोजलं आणि मान हलवली. 177 दिवस. गेले साडेदहा हजार.

तेवढ्यात मला आठवलं. शुक्रवारी एक गृहस्थ आला होता! आईबाप दोघेही अमेरिकन क्लायंटला बांधलेले, त्यांना कसला दसरा. हा तीन वर्षांचा एकटाच नव्या खोलीत दिवसभर राज्य करत होता आणि त्याने ताज्या भिंतीवर जांभळ्या खडूने सहा पायांचा हत्ती काढला होता. मी वैतागून त्याच्या आईला फोटो पाठवला होता. फोनमध्ये तारीख सापडली: 3 ऑक्टोबर.

ऑडिटरांनी पुन्हा मोजलं. ऑक्टोबरचे 29, नोव्हेंबरचे 30, असं करत मार्चअखेर बरोबर 180. एक कमी नाही, एक जास्त नाही. हत्तीचा फोटो त्यांनी छापून फाइलला लावला.

इतकं झाल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, की नव्या करप्रणालीत बारा लाखांच्या आतल्या उत्पन्नावर कर शून्यच. घसारा धरला काय, न धरला काय. अंदाजित नफा दाखवायचं त्याच कायद्याचं कलम 44 एडी घेतलं तर एवढं मोजायचीही गरज नाही, घसारा त्यातच आला असं धरतात. "मग आपण तासभर काय केलं?" "हिशेब बरोबर असलेला बरा, अम्मा," ते म्हणाले आणि कॉफीचा दुसरा कप घेतला.

आता गणपतीच्या आधी रंगारी लावलाय. रंगाचा खर्च दुरुस्तीत, आणि मुलांनी भिंतीचा फळा केलाच आहे. रंगाऱ्याने सगळं रंगवलं, फक्त दाराशेजारची हातभर जागा मी राखून ठेवायला लावली. तो विचारत होता, हे असं का? कागदपत्रं सहा वर्षं जपा, असं ऑडिटरांनी बजावलंय.