फाइल चढवली, कागद दडला

महाराष्ट्र सरकारचा कुठलाही अलीकडचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, उघडा. वर विभागाचे नाव, खाली ‘वाचा’ म्हणून जुन्या निर्णयांची यादी, मग प्रस्तावना, मग निर्णय आणि अगदी शेवटी लांबलचक संकेतांक. त्याचे पहिले ८ आकडे म्हणजे साल, महिना, दिवस. तो हाताशी असेल तर सरकारी संकेतस्थळावर कागद पटकन निघतो. पण हा संकेतांक जीआरच्याच पोटात छापलेला. ज्याला जीआरच मिळालेला नाही, त्याने तो आणायचा कुठून?

मग माणूस गूगलकडे वळतो. तिथे नेमके शोधायच्या युक्त्या आहेत आणि त्या दहावीच्या पोरालाही यायला हव्यात. शब्द अवतरणचिन्हांत टाकले की त्याच क्रमाने शोधले जातात. रोमन अक्षरांत ‘साइट’, त्याला चिकटून कोलन आणि संकेतस्थळाचा पत्ता लिहिला की शोध तेवढ्याच संकेतस्थळापुरता राहतो. तसेच ‘फाइलटाइप’, कोलन, ‘पीडीएफ’ लिहिले की बातम्यांचा गाळ खाली बसतो, दस्तऐवज वर येतात. आणि एक जुना जीआर हाती लागला तर त्यातले ‘वाचा’ सोडू नका. मागचे सगळे धागे तिथेच असतात.

एवढे करूनही मराठी कागद निसटतात. जुन्या कित्येक फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी हाती येते. शोधयंत्रापुढे तीच खिचडी वाढलेली असते. काही फाइली तर नुसते फोटो: पान तिरके, गोल शिक्का नेमका तारखेवर.

युनिकोडमध्येही एक खाच आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकता येतो, एकदा नुक्त्याचा र घेऊन, एकदा साधा र आणि न दिसणारे जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण पीडीएफमध्ये कंट्रोल-एफ दाबून एक रूप शोधाल तर दुसरे हुकू शकते. शेतकऱ्यांसाठी काढलेल्या निर्णयात शेतकरीच सापडू नये, ही शरमेची गोष्ट आहे. हे सुधारेपर्यंत नुसते ‘शेतक’ टाका, दोन्ही सापडतील.

माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याचे कलम ४ सांगते की कार्यालयांनी नोंदींची सूची आणि अनुक्रमणिका ठेवावी, माहिती लोकांना सहज मिळेल अशा स्वरूपात द्यावी, स्थानिक भाषेचा विचार करावा. फाइल संकेतस्थळावर चढवली की हे कर्तव्य संपले, असे मी मानत नाही. जी शोधून सापडत नाही ती माहिती दिलेली नाही. सहीच्या स्कॅनसोबत युनिकोड मजकुराची प्रत ठेवायला काय जाते? शीर्षकात ‘सुधारणा करणेबाबत’ एवढ्यावर न थांबता कशात सुधारणा ते का लिहू नये?

आणि खिडकीवर ‘जीआर आणा, मग बघू’ म्हणून अर्जदाराला परत पाठवणे आधी बंद करा. साहेबांनी तो स्वतःच्या संगणकावर शोधावा आणि प्रत अर्जदाराच्या हाती द्यावी.