कुठले झांग?

चिनी माणसाची नुसतं ‘मी झांग’ म्हणून सुटका होत नाही. समोरचा लगेच विचारतो, कुठले? मग हा सांगतो, ‘धनुष्य-लांब झांग’. म्हणजे अक्षरात डावीकडे धनुष्य, उजवीकडे ‘लांब’. दुसरे झांग ‘उभे-सकाळ’वाले. उच्चार तोच, सूरही तोच, भाऊबंदकी शून्य.

चिनी लिपीत हे निदान निस्तरतं. 1958 साली चिनी रोमन अक्षरांत लिहिण्याची पिनयिन पद्धत मंजूर झाली आणि रोमन लिपीत दोघे एकाच खोलीत कोंडले गेले. शू आडनावाच्या दोघांचं दुःख आणखी वेगळं. त्यांचे सूर तरी निराळे होते, पण पासपोर्टवर सुरांच्या खुणाच नसतात! लू तर चार-चार. पाचव्याच्या ‘यू’वर दोन ठिपके होते, ते पासपोर्टात मावेनात, म्हणून मध्ये ‘वाय’ घुसवून दिला. बिचाऱ्याचं नाव आता घरच्यांनाही अडखळत वाचावं लागत असेल.

शोधनिबंधांच्या याद्यांत ‘वाय. झांग’ इतके, की कोणी काय शोधलं हाच शोधाचा विषय. असल्या गोंधळावर 2012 पासून जगभरच्या संशोधकांना ‘ऑर्किड’ (ORCID) नावाचा 16 अंकी ओळख-क्रमांक मिळू लागला. तेव्हा कुठले झांग? लिहून घ्या: शून्य, शून्य, शून्य, शून्य...