पुतळा अक्राला, परीक्षा हेसरघट्ट्याला

२०१६ च्या जून महिन्यात राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी अक्रा इथे, घाना विद्यापीठाच्या आवारात, गांधीजींच्या पुतळ्याचं अनावरण केलं. पुतळा भारताने दिलेली भेट होता. त्याच वर्षी ३१ जानेवारीच्या रात्री बेंगळुरूच्या हेसरघट्टा भागात टांझानियाच्या एका विद्यार्थिनीवर जमाव तुटून पडला होता. या दोन बातम्या आपल्याकडे कुणी शेजारी ठेवून वाचल्या नाहीत. वाचायला हव्या होत्या.

त्या रात्री सुदानच्या एका विद्यार्थ्याच्या गाडीखाली एक स्थानिक बाई सापडली आणि गेली. लोक संतापले, ते समजू शकतं. पण थोड्या वेळाने तिथे आली ती टांझानियाची विद्यार्थिनी बसलेली दुसरी गाडी. तिच्यातल्या कुणाचाही अपघाताशी संबंध नव्हता. सुदान आणि टांझानिया या दोन देशांची सीमासुद्धा एकमेकींना लागत नाही. जमावाला दिसला तो फक्त रंग. त्या विद्यार्थिनीला मारलं, तिचे कपडे फाडले गेल्याची तक्रार झाली, गाडी पेटवून दिली. पुढे अटक झाली, काही पोलीस निलंबितही झाले. मात्र राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री जी. परमेश्वर यांनी सांगितलं की हा वंशद्वेष नव्हे, अपघाताची प्रतिक्रिया आहे. एकाच्या अपघाताचा राग दुसऱ्यावर केवळ कातडी सारखी म्हणून काढायचा, याला वंशद्वेष म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आता पुन्हा अक्राला जाऊ. सप्टेंबर २०१६ मध्ये तिथल्या प्राध्यापकांनी पुतळा हटवण्याची मागणी केली. दक्षिण आफ्रिकेत असताना ज्याने आफ्रिकी माणसाबद्दल तुच्छतेने लिहिलं त्याचा पुतळा आमच्या आवारात का, आणि आमच्या वीरांचे पुतळे कुठे आहेत, असे त्यांचे प्रश्न होते. डिसेंबर २०१८ मध्ये पुतळा हलवला गेला. आपल्याकडे बऱ्याच जणांना तो कृतघ्नपणा वाटला. मला त्यांचे प्रश्न रास्त वाटतात.

कारण लिहिलेलं खरं आहे. गांधीजी १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. भारतीयांना आफ्रिकी लोकांच्या बरोबरीला बसवू नका, ही त्यांची सुरुवातीच्या काळातली मागणी होती आणि तिची भाषा आफ्रिकी माणसाला हिणवणारी होती. त्याचबरोबर १९०६ च्या झुलू बंडात, गोऱ्यांनी हात लावायला नकार दिलेल्या जखमी झुलूंची शुश्रूषा त्यांच्याच पथकाने केली, हेही खरं आहे. १९३६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय धर्मोपदेशक हॉवर्ड थर्मन त्यांना बारडोलीला भेटले, तेव्हा अहिंसेचा निर्मळ संदेश जगाला कदाचित तुमचेच लोक देतील, असं गांधीजी त्यांना म्हणाले. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले ते याच वाटेने. माणूस बदलला. त्याचं मोठेपण या बदलण्यात आहे आणि ते मी मनापासून मानतो. पण माफी कधी द्यायची हे ज्याचा अपमान झाला त्याने ठरवायचं असतं. अपमान करणाऱ्याच्या वारसांनी त्यासाठी घाई करायची नसते.

घानाच्या प्राध्यापकांना द्यायला आपल्याकडे एकच खरं उत्तर असू शकलं असतं: गांधी बदलले आणि त्यांचा देशही बदलला, या आणि बघा. २०१६ साली हे उत्तर द्यायला आपल्याला तोंड नव्हतं. जानेवारीत हेसरघट्टा झालं होतं. मे महिन्यात दिल्लीत काँगोच्या एका तरुणाला लोकांनी ठार मारलं होतं आणि आफ्रिकी देशांचे राजदूत जाहीरपणे नाराज झाले होते. नेत्याचा नैतिक वारसा त्याच्या वारसांच्या वागण्यात शिल्लक राहतो. तिथे तो नसेल तर पुतळा कितीही उंच उभारा, तो सापडत नाही.

बेंगळुरूला इतिहासावर वाद घालायची हौस कमी नाही. टिपू सुलतानची सरकारी जयंती २०१५ मध्ये सुरू झाली, २०१९ मध्ये बंद झाली. सरकार बदललं की टिपू बदलतो. कोडगूतल्या घराघरांत त्याच्या स्वाऱ्यांची आठवण आहे, ती खोटी नाही. शृंगेरीच्या मठाशी झालेला त्याचा पत्रव्यवहारही खोटा नाही. १७९१ मध्ये त्या मठाची लूट केली ती पटवर्धनांच्या मराठी फौजेबरोबरच्या लोकांनी, आणि मठ पुन्हा उभा करायला पैसा पाठवला टिपूने. टिपूचा हिशेब मागणाऱ्या मराठी माणसाने हे पानही उघडावं. कोडगूसाठी एक माप आणि शृंगेरीसाठी दुसरं, असं चालणार नाही.

मग आलं २०२१. डिसेंबरात बेंगळुरूच्या सदाशिवनगरमध्ये शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली. बेळगावात दगडफेक झाली, कन्नड वीर संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली. दोन्ही कृत्यं नीच होती आणि लोक रस्त्यावर उतरले ते योग्यच झालं. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, याच बेंगळुरूत, अमली पदार्थांच्या आरोपावरून पकडलेला काँगोचा एक तरुण जे. सी. नगर पोलिसांच्या कोठडीत असताना मरण पावला. मृत्यूचं कारण पोलिसांनी हृदयविकार सांगितलं. ठाण्याबाहेर जमले ते मुख्यतः आफ्रिकी लोक, आणि लाठ्या खाल्ल्या त्यांनीच. शाई पडलेल्या पुतळ्यासाठी दोन राज्यं पेटली. मेलेल्या माणसासाठी शहराने साधा प्रश्नही विचारला नाही.

आफ्रिका आपली कोण, असं कुणी म्हणेल. त्याने मलिक अंबर वाचावा. इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि बगदादमार्गे दख्खनमध्ये आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तीच पुढची औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. जहांगीर त्याला हरवू शकला नाही, म्हणून आपल्या आत्मचरित्रात त्याच्या रंगावरून त्याला शिव्या देत राहिला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. त्याच शहाजीराजांना पुढे बेंगळुरूची जहागीर मिळाली. या शहराचा मराठी इतिहास जिथून सुरू होतो, त्याच्या एक पाऊल मागे हा हबशी सेनापती उभा आहे.

अंबरलाही हेच माप लावा. माणसं विकत घेऊन फौज उभी करण्याची जी पद्धत त्याने गुलाम म्हणून भोगली, तीच त्याने सेनापती म्हणून चालवली. आपणच गादीवर बसवलेल्या मुर्तझा निजामशाहाचा काटा काढल्याचा ठपकाही त्याच्यावर आहे. हे सांगितल्याने तो लहान होत नाही, पुरता माणूस म्हणून समोर येतो. नेता कुणाचा, हा प्रश्न मागाहून विचारावा. त्याच्या हाती सत्ता असताना जी दुबळी माणसं त्याच्या हाताखाली सापडली, त्यांचं काय झालं, हा पहिला प्रश्न. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. हजारो मैलांवरच्या काळ्या माणसाच्या साखळ्यांत त्यांना इथल्या शूद्रातिशूद्रांच्या साखळ्या दिसल्या. हा आपला वारसा आहे. त्याच्या तुलनेत आपण आज फार खाली आहोत.

कर्नाटकातल्याच यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानांत आफ्रिकी वंशाचे सिद्दी राहतात. त्यांच्यातल्या अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं, तिथून पळून ते घाटावर आले. कोकणी त्यांच्या घरची भाषा आहे. २००३ मध्ये ते अनुसूचित जमातींच्या यादीत आले आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी विधान परिषदेवर नेमले गेले. कर्नाटकच्या विधिमंडळात पोचलेला तो पहिला सिद्दी. शतकानुशतकं इथे राहिलेल्या या माणसांना शहरात अजून विचारतात, कुठल्या देशाचे?

म्हणून बेंगळुरूतल्या मराठी वाचकाला माझं सांगणं सरळ आहे. मुलांना अंबर शिकवा, शृंगेरी शिकवा, गांधींचा आधीचा काळ आणि नंतरचाही शिकवा. तुमच्या सोसायटीत आफ्रिकी विद्यार्थ्याला घर नाकारण्याचा ठराव आला तर त्याच्या विरोधात हात वर करा, आणि आपला फ्लॅट रिकामा असेल तर तो त्याला द्या. ज्याला शेजारी काळा माणूस चालत नाही, त्याने गांधी, फुले किंवा शहाजीराजे यांपैकी कुणाच्याही नावाने वाद घालू नये.