साडेचार फुटी हौद्यातून अमेरिका

अमेरिकेच्या हमरस्त्यांवरून सर्वांत जास्त कुठला माल वाहिला जातो, याचं प्रामाणिक उत्तर 'हवा' असं द्यावं लागेल. फोर्डची एफ-मालिका 1977 पासून तिथली सर्वाधिक खपाची पिकअप आहे, आणि तिच्यातली चार दारी एफ-150 एकोणीस फुटांहून लांब भरते. हौदा इतका उंच, की आत चढायला फाळक्यातून बाहेर येणारी घडीची पायरी कंपनीच विकते. एवढ्या सरंजामात बहुतेक दिवस कॉफीचा एखादा रिकामा ग्लास गडगडत असतो. कधीतरी पन्नास पानं उठतील म्हणून आपल्याकडे माळ्यावर पातेली ठेवतात, त्याच न्यायाने तिकडे पिकअप ठेवतात; फक्त पातेल्यांना पेट्रोल लागत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की अमेरिका बघत फिरायचं तर छोटी, स्वस्त, हायब्रिड पिकअप नुसती पुरत नाही, तीच शोभते. जून 2021 मध्ये फोर्डने 'मॅव्हरिक' आणली ती 19,995 डॉलरपासून, साडेचार फुटी हौद्यासह, आणि मूळ किमतीतच हायब्रिड. तिची परीक्षा घ्यायला रस्ताही तसाच घेऊ: शिकागो ते सांता मोनिका, 1926 साली आखलेला आणि 1985 साली सरकारदप्तरी निवृत्त झालेला, सुमारे 2,448 मैलांचा रूट 66.

पहिला आक्षेप इलिनॉय ओलांडायच्या आतच येतो: ही खरी ट्रक नव्हेच, मोटारीला मागे खोका जोडलाय. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. हिच्याखाली शिडीसारखी वेगळी चौकट नाही, सांगाडा मोटारीच्याच जातकुळीचा. पण या न्यायाने फोर्डची कारखान्यात बनलेली पहिली पिकअपही बाद होते. 1925 साली 281 डॉलरला विकली गेलेली ती गाडी म्हणजे मॉडेल टी मोटारीच्या पाठीवर बसवलेला पत्र्याचा हौदाच. आणि याच 66 वरून गेलेली सर्वांत प्रसिद्ध ट्रक कोणती? स्टाइनबेकच्या 1939 च्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या कादंबरीतल्या जोड कुटुंबाची. तीही जुनी हडसन मोटार, मागून कापून ट्रक केलेली. बारा जोड, तेरावा माजी पाद्री केसी, वर गाद्या आणि खारवलेलं डुकराचं मांस घेऊन ती ओक्लाहोमाहून निघाली. 'ही खरी ट्रक नाही' असं म्हणायची तिथे कुणाची छाती झाली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. या गाडीचं मायलेज उलट्या खोपडीचं: पहिल्या मॉडेलच्या सरकारी आकड्यांनुसार गावात गॅलनला 42 मैल, हमरस्त्यावर 33. आपल्या हिशेबात लिटरला साधारण अठरा आणि चौदा किलोमीटर. मग लांबच्या प्रवासाला ही कशाला? कारण सोपं आहे. ब्रेक दाबला की वाया जाणारा जोर बॅटरीत साठतो आणि संथ चालीत तोच गाडी ओढतो. सरळसोट इंटरस्टेटवर ना ब्रेक ना विसावा, नुसतं वाऱ्याशी भांडण. पण इंटरस्टेटवर बघायला असतं काय? हिरव्या पाट्या आणि पुढच्या ट्रकचा पार्श्वभाग. जुनी 66 मात्र गावोगावच्या मेन स्ट्रीटमधून जाते, दर सिग्नलला थांबवते. म्हणजे प्रेक्षणीय रस्ता आणि किफायतशीर रस्ता एकच. ॲरिझोनात ओटमनच्या घाटात तर हा हिशेब डोळ्यांदेखत होतो. पूर्वी मॉडेल टी हा घाट उलट्या गिअरमध्ये चढत असे, कारण तिचं पेट्रोल इंजिनाकडे नुसत्या उताराने वाहायचं आणि चढावर पुरवठाच तुटायचा. अमेरिकेची प्रगती पाठमोरी झाली ती अशी. आता त्याच वळणांवर, जिथे कठडा शोधावा लागतो, उतरताना बॅटरीचा काटा वर चढत जातो. खाली गावात खाणकामगारांच्या गाढवांचे वंशज रस्ता अडवून उभे असतात. खिडकीतून थेट आत तोंड घालतात. उंच एफ-150 वाल्याला हे सुख निम्मंच मिळतं.

वाहायच्या वजनाचं म्हणाल, तर 1,500 पौंड, म्हणजे 680 किलो, आणि त्यात माणसंही धरायची. पाच धट्टीकट्टी माणसं बसली की चार-साडेचारशे किलो तिथेच संपले. टेक्सासात अमारिलोच्या 'बिग टेक्सन'मध्ये 72 औंसांचं, दोन किलोंहून जास्त मांस तासाभरात, जोडपदार्थांसकट, संपवलं तर फुकट मिळतं. पाचही जणांनी ते मनावर घेतलं तर गाडीचं गणित पुन्हा मांडावं. मागे ओढायची क्षमता मूळ हायब्रिडला 2,000 पौंड, त्यामुळे मोठा कॅरव्हॅन विसरा. माझ्या मते हाच तिचा मोठा गुण. झोपायची खोली मागे बांधून ॲरिझोनात हॉलब्रुकच्या, सिमेंटच्या तंबूंच्या 'विगवॅम' मोटेलावरून पुढे निघून जायचं, याला प्रवास म्हणत नाहीत. उघड्या हौद्यात पाऊस पडतो, चोर हात घालतो, हे मात्र निर्विवाद. वरून आवरण घ्यावंच लागतं आणि त्याचे पैसे वेगळे.

'स्वस्त' या शब्दावर आता हसणारे हसतीलच. 2025 चं मॉडेल 26 हजार डॉलरच्या पुढे सुरू झालं. तीन-चार वर्षांत सहा हजार वाढले, आणि आधीच साचलेल्या मागणीमुळे जानेवारी 2022 मध्ये हायब्रिडची नोंदणीच बंद करावी लागली होती. तरीही अमेरिकेतल्या नव्या पिकअपच्या बाजारात ती स्वस्तांच्याच पंगतीत बसते. खरी किंमत वेगळीच आहे आणि ती कंपनीच्या पत्रकात छापलेली नसते. फाळका अर्धा लावून चार बाय आठचं प्लायवुड चाकांच्या उंचवट्यांवर आडवं मावतं, ही बातमी ओळखीपाळखीत पसरायला वेळ लागत नाही. त्यात मालक मराठी असेल आणि गावात महाराष्ट्र मंडळ असेल, तर निवडणूक न लढवता तो वाहतूक समितीचा तहहयात अध्यक्ष होतो: गणपतीचं मखर, ढोल, हॉलच्या खुर्च्या, आणि नव्याने आलेल्या प्रत्येक जोडप्याची गादी. 'तुझी गाडी तशी छोटीच आहे रे, एकच फेरी' या वाक्याने शनिवार सुरू होतो आणि तिसऱ्या फेरीला संपतो. त्यावर उपाय एकच: शुक्रवारी संध्याकाळीच टाकी भरून गाडी पश्चिमेला काढावी.